पालथी बाज

हिवरी, मंडल बेला, जि. आदिलाबाद
दि. ६ सप्टेंबर २०२०

प्रिय हर्षदीपदादा,

सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत. तू आणि अर्पितावहिनी मंचेरियलला बरे असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. घरचा नंबर दिसला की तुझा फोन वाजत राहतो आणि आपोआप बंद पडतो. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. फाडायचं झालं तरी तुला ते आधी हातात घ्यावं लागेल.

मी मार्चपासून इथेच आहे हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. हैद्राबादहून निघताना वाटलं होतं, पंधरवड्यात परत जाऊ. खोलीवर पालथी घालून ठेवलेली कढई अजून तशीच असणार. आता कॉलेजने वर्ग फोनवर, म्हणजे ऑनलाइन सुरू केलेत आणि माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. हे तुलाच लिहिते, कारण मी काय शिकवते ते या घरात फक्त तुला कळतं. आईला वाटतं मी ड्रॉइंग टीचर आहे. बाबांना कळतं, पण ते कळल्याचं दाखवत नाहीत.

डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला माझ्याकडे बसण्याच्या वस्तू असतात. स्टूल, खुर्ची, बाक. सहा महिने मुलं लाकडाच्या भुशात लोळतात तेव्हा कुठे एखादं स्टूल न डगमगता उभं राहतं. वर्कशॉपमध्ये मी फारसं बोलतच नाही. कुणी रंधा चुकीचा धरला की त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवते, तेवढ्याने काम होतं. आता माझ्यासमोर काळ्या चौकटी आणि त्यात नावं. मी बोलते, थांबते, ‘ऐकू येतंय का’ असं विचारते, आणि कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी होते. 

आमच्या विभागप्रमुख सुनयना मॅडम बाई चांगल्या आहेत, पण घाबरून गेल्यात. त्यांचं म्हणणं, मुलांच्या घरी ना हत्यारं ना लाकूड, तेव्हा यंदा सगळ्यांनी संगणकावर खुर्ची काढावी, पडद्यावर गोल फिरवून दाखवावी, आपण गुण द्यावेत आणि मोकळं व्हावं. मी भर मीटिंगमध्ये विचारलं, त्या खुर्चीवर बसणार कोण? कुणी हसलं नाही. मग हट्टाला पेटून सांगून टाकलं की माझी मुलं घरात मिळेल त्यातून विणलेलं आसन करतील. चौकट मोडक्या टीपॉयची चालेल, दोरी कपडे वाळत घालायची चालेल, साडीच्या चिंध्यांची चालेल. मॅडम म्हणाल्या, करा, पण दिवाळीच्या आत मुलांच्या हातात काही दिसलं नाही तर पुढच्या सत्रापासून हा विषय संगणकावर जाईल. एकदा गेला की तो तिकडचाच होईल, हे त्या बोलल्या नाहीत आणि मला मात्र तेवढंच ऐकू आलं.

म्हणजे तोंडाने बोलून बसले आणि आता निस्तरते आहे. नेटवर्क घरात येत नाही. अंगणाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात, पेरूच्या झाडाखाली येतं. तिथे स्टुलावर लॅपटॉप, फांदीला बांधलेला फोन आणि मध्ये मी. गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस थांबून बघतो. समोरच्या जयवंताबाईने आईला विचारलं, “पोरगी दिसभर आरशासंगं काऊन बोलून राह्यली?” आईने सांगितलं, तिले त्याचाच पगार भेटते.

मुलांना विणलेली वस्तू दाखवायला काहीतरी हवं होतं. गोठ्यातली आज्याची बाज आठवली. काढायला गेले तर ती आधीच ओसरीत आलेली. सध्या बाबा ओसरीत तिच्यावर झोपतात. आत उकडतं म्हणे, बाहेर वारा बरा लागतो.

होय, तीच बाज. तुझ्या भुवया वर गेल्या असतील. आपल्या बापूजीआज्याने निजामाच्या काळात देशमुखाच्या गढीवर वेठीला किती बाजा विणल्या, हे तू आणि मी जेवताना, अभ्यास करताना, मार खाताना ऐकत आलो. मजुरी नाही, उरलेली भाकर आणि शिव्या. आणि स्वतः विणलेल्या बाजेवर बसायची मुभा नाही. ही एकच त्याने घरासाठी विणली. बाबांनी ती फेकलीही नाही आणि वापरलीही नाही. मास्तर झाले, हेडमास्तर झाले, घरात लोखंडी पलंग आणले. आपण दोघं लहानपणी पतंगाची दोरी वळायला बसलो तरी त्यांचा आवाज चढायचा. 

मग तू डीएससी पास होऊन मिळालेली मास्तरकी वर्षभरात सोडलीस आणि मंचेरियलला लाकडी सामानाचं दुकान टाकलंस. पुढचं दोघांनाही पाठ आहे. “वेठ सुटाले दोन पिढ्या गेल्या, आन् तू सोताहून रंधा हातात घेतला,” असं बाबा म्हणाले. तू म्हणालास, “तुमाले हाताचीच लाज वाटते.” त्यावर त्यांनी जे म्हटलं ते मी दारामागे उभी राहून ऐकलं होतं. “मी जित्ता हाय तवर या घरात पाय ठेवू नको.” त्याला चार वर्षं झाली. मीही हातानेच पोट भरते, पण माझ्या कामाला कॉलेज आहे, इंग्रजी नाव आहे, म्हणून मला घरात जागा. हा अन्याय आहे आणि मला तो रोज टोचतो, हे तुला एकदा तरी कळवायचं होतं.

बाकी विशेष काही नाही. बाबांना थोडं पडसं आहे. काळजीसारखं असतं तर लिहिलं असतं. वहिनींना नमस्कार.

तुझी,
दीक्षा

ता. क. : फोन उचललास तरी चालेल.


हिवरी
दि. २१ सप्टेंबर २०२०

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळे खुशाल. बाबा जिवंत आहेत. हे तुला ठाऊक आहे, आणि तुला कसं ठाऊक आहे ते मलाही ठाऊक आहे. पण आधी बाकीचं सांगू दे, नाहीतर माझ्याने एकदम लिहिवणार नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पडसं नव्हतं. ताप होता, खोकला होता आणि जिना चढल्यासारखा दम लागत होता. ओसरीत वाऱ्यासाठी नव्हते झोपत, आईने त्यांना वेगळं ठेवलं होतं. लोखंडी पलंग बाहेर काढायला जड, म्हणून गोठ्यातली बाज. आदिलाबादला तपासणीला नेते म्हटलं तर नाही म्हणाले. नेलेला माणूस परत येतो की नाही, याचीच तेव्हा गावात चर्चा होती. आरोग्य केंद्राची आशाताई गोळ्या देऊन गेली. आई ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि लांब बसून ते जेवेपर्यंत बघत राहायची. मला फार भीती वाटली, दादा. तुला कळवावं असं रोज वाटायचं आणि रोज वाटायचं, तू नाही आलास तर? ते सहन झालं नसतं, म्हणून कळवलं नाही. मग ताप उतरला, बाबा घरात आले, आणि बाज रिकामी झाली.

आता माझा पराक्रम ऐक. मुलांना विणीची वरची बाजू कळत होती, खालची कळत नव्हती. दोरी चौकटीखालून नेमकी कुठून वळते, यावर सगळ्यांचं अडलं होतं. वर्कशॉप असतं तर पोरं बाजेखाली शिरून बघती. म्हणून मी सकाळच्या वर्गात बाज उचलली, अंगणात पेरूजवळ, दारासमोरच पालथी घातली, चार पाय वर, आणि फोन जवळ नेऊन खालचे वळसे दाखवले. मुलं खूश. मीही खूश. वर्ग संपला, बाज तशीच टाकून मी भाकर खायला आत गेले.

तुझ्या हातातलं काम हे वाचून थांबलं असेल. आपल्या गावात बाज पालथी कधी घालतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिच्यावर झोपणारा माणूस गेला की तिचे पाय वर करून दारासमोर टाकतात आणि सगळं आटोपेपर्यंत सरळ करत नाहीत. आजी गेली तेव्हा हे मीच पाहिलंय. पण त्या दिवशी माझ्यासमोर बाज नव्हती, वस्तू होती. वर्गात दाखवायची वस्तू.

जयवंताबाईने गल्लीतून पाहिलं. इतके दिवस खोकणारा माणूस ओसरीत नाही आणि बाज पालथी. एरवी ती धावत आली असती, तिच्यामागे अर्धं गाव आलं असतं, आणि बाबांना पाहून सगळे हसत परत गेले असते. पण हे दिवस असे की मयताच्या घरी कुणी येत नाही. ती आपल्या दारातच रडली. शेजारणीला सांगितलं, शेजारणीने सरपंचाला, सरपंचाने आणखी कुणाला. जयवंताबाईचा जावई तुमच्याकडे खाणीत आहे, त्याला तिने स्वतः फोन केला. घरी येऊन विचारलं मात्र कुणीच नाही. आमच्या दारासमोरून आख्खी सकाळ एक माणूस गेला नाही, आणि मला वाटलं, आज बरी शांतता आहे.

आई शेतात मूग तोडायला गेली होती. तिला बांधावर कळलं. ती ऊर बडवत आली, तिच्यामागे बऱ्याच अंतरावर तोंडाला पदर लावलेल्या बाया. तिचा आवाज ऐकून बाबा चहाचा कप हातात घेऊन दारात आले. म्हणाले, “कोन गेलं वं?”

आई तिथेच चिखलात बसली. आधी हसली की आधी रडली ते मला सांगता येणार नाही. मग उठली आणि मला जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

बाबांनी बाज पाहिली. सगळं त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं आता भडकतील. भडकलेच. गावात जन्मलेली पोरगी, हैद्राबादेत काय शिकली, वगैरे. मग त्यांनी स्वतः वाकून बाज सरळ केली, दम खाल्ला, आणि हात खाली घालून विणीवरून फिरवला. न बघता. “पालथी कराची गरजच नाई,” म्हणाले. “दोरी खालून कुटून येते ते हाताले समजते.” पायथ्याकडची दोरी कुजली होती. बोलता बोलता त्यांनी ती सोडवायला घेतली.  इतकी वर्षं ज्या माणसाने घरात दोरी वळू दिली नाही, त्याची बोटं ती गाठ अशी सोडवत होती, जणू कालच बांधली होती.

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी हात काढून घेतला असता. दुपारी माझा पुन्हा वर्ग होता. आईने ठेवलेली अंबाडीची दोरी आणून त्यांच्यापुढे ठेवली, फोन चालू केला आणि म्हटलं, मी ओढते, तुम्ही फिरवा. या कामाला दोन माणसं लागतातच. एक दोरी फिरवतो, दुसरा ताण धरतो. एकट्याने केलं की झोळी होते.

मुलांना बाबांचे फक्त हात दिसत होते. रुपा नावाची एक विद्यार्थिनी आहे, तिने विचारलं, हे तातगारू, म्हणजे आजोबा, कोण? बाबांनी स्वतःच तेलुगूत उत्तर दिलं की मी मास्तर आहे, दोरीकडे लक्ष द्या. मग म्हणाले, तुम्ही जिच्या पाल्याची गोंगुरा पच्चडी, म्हणजे चटणी, खाता, त्याच अंबाडीच्या सालीची ही दोरी. काळ्या चौकटी एकेक करून उजळल्या. पहिल्यांदाच मला सगळ्यांचे चेहरे दिसले. जाता जाता बाबांनी एक गोष्ट सांगितली, ती मी कधी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. म्हणाले, विणून झाल्यावर जो विणतो तो आधी बसतो, मग बाकीचे. हा नियम त्यांना आज्याने सांगितलेला नाही. आज्याला तर बसताच यायचं नाही. मला वाटतं, तो बाबांनी लहानपणीच मनात करून ठेवला असावा.

आता ते लिहिते.

ज्या मुलांचं नेट तुटतं त्यांच्यासाठी मी वर्ग फोनवर चित्रित करून ठेवते. दोन दिवसांनी ते चित्रण पाठवायला म्हणून बघत होते. पुढे बाज, बाबांचे हात, दोरी ओढणारी मी. बाबांचा आवाज येतोय, “ढील देऊ नको. वढून धर.” आणि मागे, शाळेच्या कोपऱ्यावर, एक मोटारसायकल येऊन थांबते. गाडीवरचा माणूस हेल्मेट काढतो. तोंडावरचं फडकं खाली करतो. आमच्या अंगणाकडे बघत उभा राहतो. बराच वेळ. मग बाहीने तोंड पुसतो, हेल्मेट घालतो आणि गाडी वळवतो.

दादा, मी त्या वेळी तुझ्याकडे पाठ करून दोरी ओढत होते. मला गाडीचा आवाजसुद्धा आला नाही.

तू त्यांच्या मातीला आला होतास. मंचेरियलहून इतक्या लांब, बहुधा न जेवता, बातमी खरी धरून. आणि कोपऱ्यावरून तुला काय दिसलं तर बाप जिवंत, आणि त्याच्या हातात दोरी. ज्या कामासाठी तुला घराबाहेर काढलं तेच काम तो अंगणात बसून, सगळ्या गावादेखत, माझ्यासाठी करत होता. त्या क्षणी तुला काय वाटलं असेल याचा विचार करते आणि मला वर्ग घ्यायला बसवत नाही. चिडलास? सुटल्यासारखं वाटलं? दोन्ही?

मी हे बाबांना दाखवलेलं नाही, आईलाही नाही. काय करावं कळत नाही. अंगणातून ओसरीत, ओसरीतून अंगणात फिरत असते. काहीतरी लिही. शिव्या लिही.

तुझी,
दीक्षा


हिवरी
दि. २६ ऑक्टोबर २०२०

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम. काल विजयादशमी झाली. यंदा नागपूरला जाणं नव्हतंच, घरीच वंदना घेतली. आईने खीर केली. तुझ्या वाटची वाटी झाकून ठेवली आणि संध्याकाळी कुणाला न विचारता स्वतः खाल्ली. हे ती दर वर्षी करते, तुला ठाऊक नसेल.

तुझं उत्तर आलं नाही. वहिनींचा फोन आला, तुझ्या नकळत केला म्हणाल्या, त्यांना रागावू नकोस. त्या दिवशी तू परत गेलास ते थेट दुकानात, आणि कुणाच्या मागणीशिवाय एक फळी रंधत बसलास. ती पत्र्यासारखी पातळ होईपर्यंत. वहिनींनी विचारलं तर म्हणालास, बाबा बरे आहेत. एवढंच. माझी दोन्ही पत्रं तू जपून ठेवलीस हेही त्यांनी सांगितलं, म्हणून हे तिसरं.

माझ्या वर्गाचं आधी सांगते. मुलांनी चौकटी जमवल्या, दोऱ्या जमवल्या, वीणही जमली, पण एकेकाचं आसन झोळीसारखं खाली जायला लागलं. रुपाने शक्कल लढवली, दोरीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलं. तरी ढिलंच. मी पडद्यावरून किती ओरडले, ताण दे, ताण दे. ताण म्हणजे किती, हे मी तिला कसं सांगू? बाबांना विचारलं. ते म्हणाले, गज वढत नाई, नुसता धरून ठेवते. घरातलं मानूस बसव म्हणा समोर. मी प्रत्येकाला सांगितलं, घरातलं कुणीतरी समोर बसवा. कुणाची आई आली, कुणाचा भाऊ. रुपाचे वडील दार लावून ऑफिसचं काम करत असतात, त्यांना तिने ओढत आणलं. ते आधी फार घाईत होते. मग कानाला लावलेला फोन खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी ओढू लागले. त्या दिवशी तिचं आसन जमलं.

पण तिच्या कोपऱ्याची गाठ मात्र सुटत होती. आपण त्या दिवशी नेमकं काय सांगितलं होतं ते बघू, म्हणून बाबांनी माझा फोन उचलला आणि ते जुनं चित्रण लावलं. मी भाकरी थापत होते. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

त्यांनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, “मांगं घे.” मी मागे घेतलं. पुन्हा बघितलं. पुन्हा म्हणाले, मांगं घे. त्यांचाच आवाज घरात येत होता, ढील देऊ नको, वढून धर, आणि कोपऱ्यावर तू उभा. शेवटी विचारलं, “पानी तरी देल्लं का कोनी त्याले?” मी म्हटलं, मला दिसलाच नाही तो. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, चष्मा पुसला आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवसापासून दोरी खुंटीवर. वर्गाला बसेनात. मी चिडले, आईने समजावलं, मुलं रोज विचारायची तातगारू कुठे. बाजेचा पायथा तसाच अर्धा उघडा राहिला. मला वाटलं, पुन्हा जुने बाबा झाले. सुनयना मॅडमना दाखवायची तारीख जवळ आली आणि माझी स्वतःचीच बाज अपुरी.  मनात एकदा आलं की सगळ्यांनी संगणकावर खुर्ची काढली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

मग काल वंदना झाल्यावर बाबांनी मला आणि आईला समोर बसवलं. शाळेत बसवायचे तसं.

“मी त्याले काय म्हटलं होतं, आठवते तुले?”

मी म्हटलं, आठवतं.

“मी जित्ता हाय तवर, असं म्हटलं होतं. मंग गावानं मले मारलं. बाज पालथी पडली, तुई माय रडत आली, पोरगा मातीले आला. आता काय राह्यलं? ते बोलनारा मानूस त्याच दिशी गेला. लिव त्याले तसं.”

आई म्हणाली, “मंग रोज भाकर मांगनारं हे कोन हाय?” बाबा हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आज्या गेला तेव्हाही नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, त्या पोराचं म्हणणं बरोबर होतं. मला हाताची लाज वाटायची. बापाचे हात बघितले की वाटायची. हे त्यांनी जमिनीकडे बघून सांगितलं आणि लगेच उठून अंबाडीची दोरी भिजत घातली.

आज सकाळी आम्ही पायथा विणायला बसलो. पण त्यांना दम पुरत नाही, दादा. त्या दुखण्याने छातीत काहीतरी मागे ठेवलंय. मी ओढते तर त्यांना ते पटत नाही, म्हणतात, जोर हाय, पन अंदाज नाई. पायथ्याची शेवटची दोरी सगळ्या बाजेला ताण देते, ती ढिली राहिली तर बाकीचं विणलेलं फुकट. तेवढी ठेवून दिली आहे. कुणासाठी ते मला विचारायची गरज पडली नाही.

दुपारी मुलांचं काम मॅडमनी पाहिलं. प्रत्येकाने विणलेलं आसन कॅमेऱ्यासमोर ठेवलं आणि आधी स्वतः त्यावर बसलं.  मॅडम एवढंच म्हणाल्या की हा विषय हातानेच राहू दे. एरवी मी आनंदाने उडी मारली असती. आज मात्र लॅपटॉप मिटला आणि कोपऱ्याकडे बघत बसले. तिथे आता शाळेच्या भिंतीला टेकून कडब्याच्या पेंढ्या लावल्यात, गाडी उभी करायला जागा नाही.

बाबांना म्हटलं, तुम्हीच लिहा त्याला. नाही म्हणाले. आपण काही लिहिणार नाही. मी पत्र पूर्ण करून त्यांच्यासमोर ठेवलं आणि पाणी आणायला गेले. परत आले तर खाली त्यांच्या अक्षरात ओळी होत्या. मी त्यांना हात लावलेला नाही.

बाजेच्या या टोकाशी जमिनीवर बसलेली तुझी,
दीक्षा


चि. हर्षदीप यास अनेक आशीर्वाद.
कोपऱ्यावर थांबू नये. सौ. अर्पितास घेऊन सरळ आत यावे. दोरी भिजत ठेवली आहे. बाजेवर अद्याप कोणी बसलेले नाही.
बाबा